नेटवर्क तपासून देणारे मामा-भाची : दीड वर्षाचा अनुभव

भोसरीतल्या त्या कारखान्यात बाहेरून आलेला प्रत्येक कॉल बत्तिसाव्या सेकंदाला तुटायचा. तिसाव्या नाही, चाळिसाव्या नाही, बत्तिसाव्याच. सर्व्हिस विभागातली मुलगी गिऱ्हाइकाकडून पंपाचा सिरियल नंबर लिहून घेत असायची, शेवटचे दोन-तीन आकडे राहायचे आणि लाइन गप्प. मग परत फोन, परत पहिल्यापासून नंबर. चार दिवस तिने सहन केलं आणि पाचव्या दिवशी मला म्हणाली, "ताई, जुनेच फोन परत लावून द्या ना." ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. तिथे मी इंटरनेटवरून चालणारे चोवीस फोन बसवले होते. बसवण्याआधी पैसे मोजून नेटवर्कची तपासणी करून घेतली होती, आणि तपासणीच्या अहवालात सगळं हिरवं होतं.

ती तपासणी ज्यांनी केली त्यांचं नाव इथे घेत नाही. हे लिहायला बसले आहे ते त्यांच्यानंतर मिळालेल्या दोघांबद्दल. मामा आणि भाची, हडपसरला एका खोलीचं ऑफिस, तिसरा माणूस नाही. गेल्या दीड वर्षात त्यांनी माझ्यासाठी एकोणीस साइट्स तपासल्या. इंटरनेटवरून चालणारे फोन विकणाऱ्या, बसवणाऱ्या माझ्यासारख्या माणसांना असा भागीदार शोधताना काय बघावं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचा धंदा मुळात ईपीएबीएक्सचा, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजचा. बाबांनी तो १९८९ साली नारायण पेठेत सुरू केला. सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेच्या तंत्रज्ञानावर देशात छोटी एक्स्चेंज मशिनं बनू लागली होती, तो काळ. बाबांचा एक नियम होता. कोटेशन देण्याआधी ते कमरेला बट सेट (लाइन तपासायचा हातातला फोन) अडकवून टॅग ब्लॉकपासून, म्हणजे तारा जोडायच्या पट्टीपासून, शेवटच्या टेबलापर्यंत तारांची प्रत्येक जोडी स्वतः ऐकायचे. कुठे खरखर, कुठे दुसऱ्याचं बोलणं ऐकू येतंय, कुठे ओल लागलेली आहे, सगळं वहीत. तांब्याची तार त्यांनीच ओढलेली असायची, त्यामुळे दोष त्यांचा आणि दुरुस्तीही त्यांची. माझ्या वेळेला हे बदललं. फोन माझा, पण तो ज्या केबलवर, ज्या स्विचवर (नेटवर्कच्या केबल एकत्र जोडायचा डबा), ज्या राउटरवर चालणार ते सगळं गिऱ्हाइकाचं. कधी त्यांच्या आयटीवाल्याने लावलेलं, कधी केबलवाल्याने, कधी मालकाच्या पुतण्याने दिवाळीच्या सुट्टीत. आवाज तुटला की फोन मात्र मलाच येतो. म्हणून मला बाबांच्या बट सेटची जागा घेणारा माणूस हवा होता.

बँडविड्थचं गणित मला येतं. साध्या जी.७११ कोडेकमध्ये (आवाजाचे आकडे करायची पद्धत) आवाजाला ६४ केबीपीएस लागतात, वरची हेडर वगैरे धरून एका कॉलला एका दिशेने ८७ च्या आसपास. वीस कॉल एकदम चालू असले तरी पावणेदोन एमबीपीएसमध्ये भागतं. म्हणून "आमच्याकडे शंभरचा प्लॅन आहे" हे वाक्य ऐकून मी सुरुवातीला निर्धास्त व्हायचे. पण आवाजाची अडचण रुंदीत नसतेच. फोन दर २० मिलिसेकंदाला आवाजाचं एक पॅकेट, म्हणजे माहितीचं एक छोटं गाठोडं, पाठवतो, सेकंदाला पन्नास. ती पन्नास वेळेवर आणि सारख्या अंतराने पोचली पाहिजेत. ईमेलचं पॅकेट हरवलं तर ते परत मागवलं जातं, कुणाला कळतही नाही. आवाजाचं पॅकेट उशिरा आलं तर ते फेकूनच द्यावं लागतं, कारण तो शब्द बोलून झालेला असतो. एका बाजूचा उशीर दीडशे मिलिसेकंदांच्या आत, पॅकेटची गळती एक टक्क्याच्या आत आणि जिटर, म्हणजे पॅकेटांमधल्या अंतराचा चढउतार, तीस मिलिसेकंदांच्या आत राहिला तर माणसं तक्रार करत नाहीत. पहिला आकडा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ शिफारशीतला आहे, बाकीचे दोन या धंद्यात सगळेच धरून चालतात. आकडे पाठ असणं सोपं. ते गिऱ्हाइकाच्या ऑफिसात, कामाच्या गर्दीत मोजणं हे वेगळं कसब आहे आणि ते माझ्याकडे नाही.

भोसरीच्या तपासणीत काय चुकलं ते नंतर समजलं. पहिल्या फर्मचा मुलगा तपासायला गुरुवारी गेला होता. भोसरीत गुरुवारची सुट्टी. कारखान्यात वॉचमन सोडून कोणी नाही, चाळीस कॉम्प्युटर बंद, अशा वेळी त्याने लॅपटॉप लावून दहा मिनिटं मोजलं आणि सगळे आकडे उत्तम आले. येणारच! रिकाम्या रस्त्यावर वाहतूक मोजल्यासारखं झालं ते. शुक्रवारी सकाळी डिझाइन विभागाने ड्रॉइंगच्या फायली ड्राइव्हवर चढवायला घेतल्या की तिकडे आवाजाचे तुकडे पडायला लागायचे.

त्यानंतर मी तीन महिने शोधत होते. एकांनी माझ्यासमोर मोबाइलवर स्पीड टेस्ट केली, स्क्रीनशॉट काढला आणि म्हणाले, झालं. दुसऱ्या फर्मने साठ पानी अहवाल दिला. त्यातली पन्नास पानं फायरवॉलबद्दल (नेटवर्कची राखण करणारं यंत्र) होती आणि शेवटच्या पानावर त्याच फायरवॉलचं कोटेशन. ती फायरवॉल वाईट होती असं मी म्हणत नाही. पण जो औषध विकतो त्यानेच रोग शोधायचा, हे मला पटेना. गिऱ्हाइकाला तर त्याहून पटलं नसतं.

मामांचं काम मला आधी दिसलं, माणूस नंतर. हडपसरला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे दुसऱ्याच कामाला गेले होते. जिन्याखाली रॅक. दार उघडलं तर प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना लेबल, आणि लेबलं मराठीत, हाताने लिहिलेली: "डिस्पॅच, खिडकीजवळ", "काकांचा प्रिंटर", "कॅमेरा, मागचं गेट". केबल वेल्क्रोने बांधलेल्या, प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवळून नाही. दाराच्या आतल्या बाजूला पारदर्शक पिशवीत एक कागद: कोणत्या पोर्टला काय, राउटरची बॅटरी कधी बदलली, शेवटचा बदल कोणी केला, तारीख. मी तिथेच विचारलं, हे कोणी केलं? बाबांच्या वहीची आठवण झाली, खरं सांगते.

मामा पंचावन्नच्या पुढचे. आधी टेलिफोन खात्यात होते, तिथून स्वेच्छानिवृत्ती घेतली. भाची तिशीतली, नेटवर्किंग शिकलेली, एका कॉल सेंटरच्या नेटवर्क विभागात सहा वर्षं काढलेली. ती त्यांना मामा म्हणते म्हणून गिऱ्हाइकंही म्हणायला लागली आणि आता मीही. तांब्याची लाइन आणि पॅकेट, दोन्ही कळणारी माणसं एका टेबलाशी बसलेली मी पहिल्यांदा बघितली.

पहिल्या भेटीत मी त्यांना भोसरीची गोष्ट सांगितली. बत्तीस सेकंद हा आकडा ऐकल्याबरोबर भाची म्हणाली, "राउटरमधलं एसआयपी एएलजी चालू असणार." एसआयपी म्हणजे फोन आणि सर्व्हर कॉल जोडताना बोलतात ती भाषा, आणि एएलजी म्हणजे त्या निरोपांत हात घालणारी राउटरमधली सोय. मी म्हटलं, न बघता कसं सांगता? तिने कागदावर रेघा ओढून दाखवलं. फोन उचलला की तो सर्व्हरला (कॉल जोडून देणारा कॉम्प्युटर) कळवतो, "उचलला". सर्व्हर उलट पोच देतो, "कळलं". ही पोच फोनपर्यंत आली नाही तर फोन "उचलला, उचलला" म्हणत राहतो आणि बत्तीस सेकंदांनी, अर्ध्या सेकंदाच्या चौसष्ट पट, नियमाप्रमाणे कॉल सोडून देतो. पोच का येत नाही? कारण मधला राउटर मदत करायला जातो. एसआयपीच्या निरोपातला पत्ता स्वतःच बदलतो, आणि तो चुकीचा बदलतो. दुसऱ्या दिवशी ती भोसरीला आली. राउटरच्या सेटिंगमधली एक खूण काढली, राउटर परत चालू केला. मी सर्व्हिस विभागातल्या मुलीला बाहेरून फोन लावला आणि घड्याळ बघत बसले. तीस, एकतीस, बत्तीस, तेहेतीस. ती मुलगी पलीकडून "हॅलो, ताई, ऐकू येतंय" म्हणत होती आणि मला काही बोलायचं सुचेना. आम्ही चार मिनिटं तशाच बोलत राहिलो.

त्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. "तपासणी केलीच नाही, एक बटण दाबलं," मामा म्हणाले. मग मीच म्हटलं की आता तपासणी करा.

त्यांची पद्धत अशी. पहिल्या दिवशी काही मोजत नाहीत. गिऱ्हाइकाच्या ऑफिसात रास्पबेरी पायचा (तळहाताएवढा कॉम्प्युटर) छोटा डबा ठेवतात आणि सात दिवस तो तिथेच राहतो. डबा दर पाच मिनिटांनी माझ्या सर्व्हरकडे एक खोटा कॉल लावतो, जाता-येता किती पॅकेटं हरवली, किती उशीर, किती जिटर ते लिहून ठेवतो. रात्री, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, सोमवारी सकाळी, पगाराच्या दिवशी. आठवड्याचा आलेख हातात आला की ऑफिसचं सगळं वेळापत्रक त्यात दिसतं. भोसरीच्या आलेखात सकाळी सव्वादहा ते साडेअकरा उशिराचा डोंगर होता आणि दुपारी साडेचारला एक सुळका. डोंगर ड्रॉइंगच्या फायलींचा. सुळका कशाचा ते कोणाला कळेना. मामांनी अकाउंटंट काकांना विचारलं, साडेचारला तुम्ही काय करता? काका म्हणाले, चहाला जातो, जाताना टॅलीचा बॅकअप लावून जातो.

तो क्षण मला फार आवडला. यंत्राने मोजलं, पण उत्तर माणसाला विचारून मिळालं.

दोष राउटरच्या रांगेत होता. अपलोडची मर्यादा १० एमबीपीएस, त्यात मोठी फाइल शिरली की राउटर पॅकेटं टाकून न देता रांगेत उभी करत जातो, आणि आवाजाचं पॅकेटही त्याच रांगेत शेवटी. एरवी १२ मिलिसेकंदांत येणारं उत्तर साडेसहाशेवर जात होतं. शंभरचा प्लॅन दोनशेचा केला असता तरी अपलोड तेवढंच राहिलं असतं. उपाय म्हणून त्यांनी लिहून दिलं: अपलोड नऊवर बांधा म्हणजे रांग तुमच्या ताब्यात राहील, फोनच्या पॅकेटांना डीएससीपी ४६ ची (पॅकेटवरचा अग्रक्रमाचा आकडा) खूण द्या, त्या खुणेला आधी सोडा. राउटर कोणत्या कंपनीचा घ्या हे त्यांनी लिहिलं नाही. राउटरला काय काय जमलं पाहिजे याच्या सहा ओळी लिहिल्या. गिऱ्हाइकाच्या आयटीवाल्याने त्या ओळींवरून स्वतः खरेदी केली.

आठवडा संपला की मामा प्रत्यक्ष फिरतात, आणि इथे त्यांची जुनी नोकरी दिसते. प्रत्येक केबल शेवटपर्यंत बघतात. भोसरीला स्टोअरमधले चार फोन अधूनमधून आपोआप बंद होऊन चालू होत होते. मी फोन बदलून बघितले होते. मामांनी खिशातून ब्लेड काढलं, केबलचा एक तुकडा सोलला आणि आतली एकच तार नखाएवढी खरवडून माझ्यासमोर धरली. वर तांब्याचा रंग, खाली चांदीसारखा पांढरा. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. बाजारात ही केबल कॅट-सिक्स (नेटवर्क केबलचा एक दर्जा) म्हणून निम्म्या भावात मिळते, पेटीवर बारीक अक्षरात सीसीए लिहिलेलं असतं, आणि ती कॅट-सिक्सच्या मानकात बसत नाही. फोन पीओईवर चालतो, म्हणजे वीजही त्याच केबलमधून जाते. तारेचा विरोध जास्त, साठ-सत्तर मीटरचं अंतर, वाटेत दोन जोड. भार वाढला की पलीकडे पुरेसा व्होल्टेज पोचत नाही आणि फोन पडतो. ती तार मी पाकिटात ठेवली आहे. केबल "एकदम ओरिजिनल" असल्याचं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवते.

दुसरी एक तपासणी मला आधी सुचलीच नव्हती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांना सांगून, मामा मेन स्विच खाली ओढतात आणि घड्याळ लावतात. आपल्याकडे लाइट जातेच. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजकडून ४८ व्होल्ट यायचे, अंधारातही डायल टोन असायची, म्हणून लोक धरून चालतात की फोन चालेल. भोसरीला नेटवर्कचा स्विच आणि राउटर यूपीएसवर होते, पण फायबरचा डबा भिंतीवरच्या साध्या प्लगवर. लाइट जाताच फोनच्या पडद्यावर दिवे चालू आणि बोलणं बंद. कोथरूडच्या एका लॅबमध्ये यूपीएस अकरा मिनिटांत संपला, कारण कोणीतरी रिसेप्शनचा प्रिंटर त्यावरच लावला होता.

कोथरूडचंच सांगते, तिथे वायफायचा प्रश्न होता. रक्त घ्यायला जाणाऱ्या मुली मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून ऑफिसचा नंबर वापरणार होत्या, आणि इमारतीतून फिरताना मध्येच बोलणं गळायचं. भाचीने मजल्याचा नकाशा काढून दर चार पावलांवर सिग्नल मोजला. आवाजाला उणे ६७ डीबीएमपेक्षा बरा लागतो (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार). एक्स-रेच्या खोलीबाहेर तो उणे ८१ होता. भिंतीत शिसं आहे हे तिथल्या लोकांना रोज माहीत असलेली गोष्ट, पण वायफाय बसवणाऱ्याने कोणाला विचारलं नव्हतं. एक अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफायचा सिग्नल सोडणारा डबा) कॉरिडॉरमध्ये हलवला आणि प्रश्न मिटला. नवीन काही विकत घ्यावं लागलं नाही.

माझा त्यांच्यावरचा विश्वास पक्का झाला तो मुळशीच्या बाजूच्या एका रिसॉर्टमुळे. अठरा खोल्या, रिसेप्शन, किचन, धरून तेवीस फोनची ऑर्डर. मालक पैसे द्यायला तयार, मला त्या तिमाहीत ती ऑर्डर हवी होती. नेट डोंगरावरच्या रेडिओ लिंकवर, म्हणजे बिनतारी. जुलैचा आठवडा. डब्याचा आलेख आला तर पाऊस जोरात आला की गळती अडीच-तीन टक्क्यांवर, आणि ती संध्याकाळी, म्हणजे नेमकी बुकिंगचे फोन येतात तेव्हा. मामांनी अहवालाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं: "सध्या बसवू नये." मी त्यांना फोन करून विचारलं की कमी डेटा लागणारा जी.७२९ कोडेक वापरला तर? त्यांनी शांतपणे सांगितलं, "ताई, पॅकेट लहान केलं म्हणून ते कमी हरवत नाही." मी तो अहवाल जसाच्या तसा मालकांना दिला. ते नाराज झाले. ऑर्डर गेली. पाच महिन्यांनी त्यांच्या रस्त्यावर फायबर आलं आणि त्यांनी स्वतःहून फोन केला. परत आठवडाभर डबा ठेवला, मग बसवले. अजून एकही तक्रार नाही.

व्यवहाराचं बोलायचं तर, पंचवीस फोनपर्यंतच्या साइटला ते साडेसात हजार घेतात, वर १८ टक्के जीएसटी. पुण्याबाहेर गेलं तर प्रवास वेगळा. मी हे पैसे गिऱ्हाइकाकडून आधी घेते आणि त्याने फोन घेतले तर बिलात वळते करते. न घेतले तर अहवाल त्याचा, तो कोणालाही दाखवू शकतो. सुरुवातीला काही जण म्हणाले की तपासणी फुकट करा. फुकट तपासणी शेवटी दहा मिनिटांची होते, हे मी भोसरीला शिकले आहे. आमच्यात लेखी करार दोन पानांचा आहे आणि त्यातली तीन कलमं मी आग्रहाने घातली: ते स्वतः फोन किंवा फोनची सेवा विकणार नाहीत, केबलिंगचं काम हवं तर वेगळं कोटेशन देतील पण अहवालात त्याचा उल्लेख करणार नाहीत, आणि बसवल्यानंतर तीस दिवसांत आवाजाची तक्रार आली तर एक फेरी विनामूल्य मारतील. तिसरं कलम त्यांनीच पंधराचं तीस केलं.

एक गोष्ट त्यांच्या कक्षेत येत नाही, ती माझ्याकडेच राहते. गिऱ्हाइक विचारतं, हे इंटरनेटवरून नेहमीच्या नंबरला फोन लावणं कायद्यात बसतं ना? परवानाधारक कंपनीकडून नंबर आणि एसआयपी ट्रंक (इंटरनेटवरून येणारी फोनलाइन) घेतली की बसतं. दूरसंचार विभागाने २०१८ च्या जूनमध्ये तशी वाट मोकळी केली. कोणी परवान्याशिवाय स्वस्तात मिनिटं विकत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका, एवढं मी प्रत्येकाला सांगते.

आता जिथे कमी पडतात ते. अहवाल वेळेवर येत नाही. सात दिवसांचं मोजमाप आणि तीन दिवसांत अहवाल असं ठरलेलं असतं, प्रत्यक्षात आठ-नऊ दिवस लागतात. भाचीच्या घरी लग्न होतं तेव्हा तीन आठवडे सगळं थांबलं होतं. दोघांच्या फर्मला दुसरा पर्याय नाही, आणि मोठ्या गिऱ्हाइकासमोर मला ते सांभाळून घ्यावं लागलं. साइटवर असताना फोन उचलत नाहीत. मी आता व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठेवते आणि रात्री नऊला उत्तराची वाट बघते.

अहवाल सुरुवातीला इंग्रजीत होता, वायरशार्क या पॅकेटं तपासायच्या सॉफ्टवेअरचे आलेख चिकटवलेला, मालकाने उघडून बंद करावा असा. मी हट्ट धरला की वर एक पान मराठीत हवं: काय ठीक आहे, काय आधी करायचं, अंदाजे किती खर्च. आता ते पान मामा स्वतः लिहितात आणि मालक तेवढंच वाचून निर्णय घेतात. या पानामुळे माझे दोन सौदे झाले असं मी मानते.

मामांची जीभ सरळ आहे. एका दुकानात मालकासमोर म्हणाले, "हे केबलिंग ज्याने केलं त्याला परत आत घेऊ नका." केबलिंग मालकाच्या भाच्याने केलं होतं आणि तो तिथेच उभा होता. माझं ते गिऱ्हाइक जाता जाता राहिलं. त्यांना मी हे बोलले, त्यांनी ऐकून घेतलं, आणि आता लेखी काय ते कडक असतं, तोंडी मऊ.

एक खरी चूक त्यांच्याकडून झाली. बिबवेवाडीच्या एका क्लिनिकमध्ये दोन कंपन्यांचं नेट होतं, एक बंद पडलं की राउटर आपोआप दुसऱ्यावर जायचा. तपासणीत दोन्ही लाइनी वेगवेगळ्या मोजल्या, दोन्ही चांगल्या निघाल्या. पण एकीवरून दुसरीवर जाताना काय होतं ते बघायचं राहिलं. महिनाभराने पहिली लाइन गेली. नेट मिनिटात परत आलं, पण फोनना बराच वेळ वाजताच येईना. फोन सर्व्हरकडे दर ३६०० सेकंदांनी हजेरी लावत होते, त्यामुळे सर्व्हर तासभर जुन्याच पत्त्यावर त्यांना शोधत राहिला. दवाखाना होता, त्या तासात कोणाकोणाचे फोन वाया गेले असतील याचं मला फार वाईट वाटलं. भाची त्याच संध्याकाळी तिथे गेली, हजेरीची वेळ १२० सेकंदांवर आणली, मग पहिली लाइन स्वतःच्या हाताने काढून दोन मिनिटांत फोन वाजतो का ते तीनदा बघितलं. क्लिनिकच्या डॉक्टरीणबाईंना चूक आमची असं स्पष्ट सांगितलं. त्या दिवसापासून लाइन काढून बघणं त्यांच्या यादीत आहे, आणि आधीच्या ज्या पाच साइट्सना दोन लाइनी होत्या तिथे जाऊन ते त्यांनी पैसे न घेता केलं. मी मागितलं नव्हतं.

कोणी घ्यावी ही सेवा? दहाच्या वर फोन, दोन मजले, किंवा ज्यांचा धंदाच फोनवर चालतो अशांनी नक्की. तीन फोनच्या दुकानाला साडेसात हजार जड जातात. तिथे मी स्वतः जाऊन राउटरमधली ती एसआयपी एएलजीची खूण काढते, मोठी फाइल चढवत असताना बोलून बघते, तेवढं पुरतं. आणि ज्यांच्याकडे स्वतःचा चांगला नेटवर्कवाला आहे त्यांनी त्यालाच हा सात दिवसांचा डबा ठेवायला सांगावं. फक्त मोजणाऱ्याला कामाच्या दिवसाची गर्दी बघायची तयारी हवी.

नंबर हवा असेल तर मला विचारा. मी त्यांना विचारून देईन, कारण महिन्याला चारच्या वर साइट्स ते घेत नाहीत आणि ते बरोबरच आहे. विचारताना तीन गोष्टी लिहा: फोन किती, नेट कोणत्या प्रकारचं, आणि तुमच्याकडे आठवड्यातला सगळ्यात धावपळीचा दिवस कोणता. मामा पहिल्यांदा तिसरीच विचारतात.